गेलेल्याची जागा

भाऊबीजेपासून मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावागावांत नाटकांचे फलक लागतात. केशोरी, गोठणगाव, अर्जुनी मोरगाव हा सगळा त्याच मुलखातला भाग. गावातलं मंडळ वडशाला जातं, तिथल्या नाटक कंपन्यांशी बोलणी करतं, तारीख ठरवतं आणि मग फलकावर नावं छापून येतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. फलकासमोर उभा राहणारा इथला जाणता प्रेक्षक नाटकाच्या नावाइतक्याच लक्षपूर्वक कलावंतांची नावं वाचतो. गेल्या साली या कंपनीत असलेली नटी यंदा दुसरीकडे गेली का, तिच्या जागी कोण आलं, विनोदी भूमिकेत तोच माणूस आहे का, हे त्याला एका नजरेत समजतं. हंगाम बदलला की संच बदलतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

रॉक संगीताच्या जगात मात्र बँडमधला एक माणूस बदलला की ऐकणारे पन्नास-पन्नास वर्षं वाद घालतात. 'खरा' बँड कोणता, त्याच्या आधीचा की नंतरचा, यावर पुस्तकं लिहिली जातात. नाटकाच्या मांडवात जे सहज पचतं, ते गाण्याच्या बाबतीत इतकं जड का जावं?

उत्तर दोन्हींच्या घडणीत आहे. नाटकाची संहिता नाटककाराने आधीच लिहिलेली असते. नट गेला तरी भूमिका कंपनीजवळच राहते; नवा माणूस ती पाठ करतो आणि आपल्या अंगाने उभी करतो. रॉक बँडचं तसं नसतं. चार-पाच माणसं एका खोलीत जमतात, कोणी एक सूर धरतो, दुसरा त्याखाली ताल ठेवतो, तिसरा त्यात काही बदलतो आणि अशा घासाघिशीतून गाणं तयार होतं. बहुतेक वेळा ते कागदावर नसतंच. त्यामुळे माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याचं ऐकणंही जातं: कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, कोणती ओळ टाकून द्यायची याची जाण. त्यातून तो गाणी लिहिणारा असला तर संहिताच घराबाहेर पडली म्हणायची.

आणि हा बदल पहिल्या आणि दुसऱ्या अल्बमच्या मध्ये झाला तर दुखणं दुप्पट होतं. पहिल्या अल्बममधली गाणी वर्षानुवर्षं साठलेली असतात. ती कॉलेजच्या कार्यक्रमांत, लहानमोठ्या क्लबांत, अर्ध्या रिकाम्या सभागृहांत वाजवून झालेली असतात. लोकांना न आवडलेली गाणी आपोआप गळून पडलेली असतात. दुसऱ्या अल्बमसाठी हा अवकाश मिळत नाही. पहिला चालला की रेकॉर्ड कंपनीला वर्षभरात दुसरा हवा असतो आणि मधल्या काळात बँड गावोगावी कार्यक्रम करत फिरत असतो. गाणी प्रवासात लिहायची, स्टुडिओत पहिल्यांदा नीट वाजवायची आणि लगेच ध्वनिमुद्रित करायची. अशा घाईत संचातला एक माणूस नवा असला, तर एकमेकांची सवय होण्याआधीच त्यांना जगासमोर उभं राहावं लागतं.

कधीकधी हे प्रकरण फारशी पडझड न होता निभावतं. लंडनच्या आयर्न मेडनचा पहिला अल्बम १९८०च्या एप्रिलमध्ये आला आणि दुसरा, 'किलर्स', १९८१च्या फेब्रुवारीत. मधल्या दहा महिन्यांत गिटारवादक डेनिस स्ट्रॅटन गेला आणि अ‍ॅड्रियन स्मिथ आला. तरी दुसऱ्या अल्बमला धक्का बसला नाही. बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस हाच मुख्य गीतकार होता, तो जागेवर होता आणि 'किलर्स'मधली बहुतेक गाणी पहिल्या अल्बमच्याही आधीपासून बँड वाजवत आला होता. स्मिथला तयार गाण्यांत आपलं वादन बसवायचं होतं. त्या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्याखाली नाही. ते पुढच्या, तिसऱ्या अल्बमवर येतं. पुढे २००८च्या फेब्रुवारीत याच बँडने आपल्या मोठ्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली, तेव्हा स्मिथशिवाय आयर्न मेडनची कल्पनाही कोणी करत नव्हतं. नवा माणूस म्हणून आलेला हा गिटारवादक तोवर बँडचा कणा झाला होता.

पण हे सोपं उदाहरण. संहिता घरातच होती. ती घराबाहेर गेली की काय होतं, हे पाहायला पिंक फ्लॉइडकडे जावं लागतं, आणि तिथे थोडं थांबावंही लागतं, कारण त्या एका वर्षात जे घडलं ते मला रॉकच्या इतिहासातलं सगळ्यांत अवघड माणुसकीचं प्रकरण वाटतं.

पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम, 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन', ऑगस्ट १९६७मध्ये आला. त्यात अकरा रचना आहेत. त्यांतल्या आठ सिड बॅरेटने एकट्याने लिहिलेल्या, दोन साऱ्या बँडने मिळून केलेल्या, आणि उरलेली एकच रॉजर वॉटर्सची. गाणारा बॅरेट, गिटार वाजवणारा बॅरेट, बँडला नाव देणाराही बॅरेटच. वय एकवीस. अल्बम येईपर्यंत त्याची अवस्था बिघडू लागली होती. एलएसडीचं सेवन, अचानक आलेल्या प्रसिद्धीचा ताण आणि मनाचा काही आजार यांपैकी कशाचा वाटा किती, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. त्याच्या मित्रांना तर तेव्हा काय चाललंय तेच उमगत नव्हतं. तो मंचावर उभा राहून एकच सूर वाजवत राही, किंवा काहीच वाजवत नसे. एकदा त्याने तालमीत नवं गाणं आणलं आणि इतरांना शिकवायला घेतलं. पण प्रत्येक वेळी तो चाल बदलत असे, त्यामुळे ते कोणालाच पकडता येईना. शेवटी बेसवादक वॉटर्सने बेस बाजूला ठेवून ते शिकण्याचा नाद सोडला.

डिसेंबर १९६७च्या अखेरीस त्यांनी डेव्हिड गिल्मोरला बोलावलं. हा परका माणूस नव्हता. तो बॅरेटचाच केंब्रिजमधला मित्र. दोघांनी कॉलेजच्या दिवसांत एकत्र गिटार वाजवली होती आणि १९६५मध्ये दोघे फ्रान्समध्ये रस्त्यावर गाऊन आले होते. ठरलं असं की बॅरेटने घरी राहून गाणी लिहावीत आणि मंचावर गिल्मोरने त्याचं काम करावं. अमेरिकेतल्या बीच बॉइज या बँडचा ब्रायन विल्सन असंच घरी राहून लिहीत असे, तो दाखला त्यांच्यासमोर होता. जानेवारी १९६८मध्ये मोजके कार्यक्रम पाच जणांनी केले. मग एका संध्याकाळी साउदम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत कोणीतरी विचारलं, सिडला घ्यायला जायचं का. जाऊ नये असं ठरलं आणि गाडी सरळ पुढे गेली. निर्णय एवढ्यात झाला. अधिकृत घोषणा एप्रिलमध्ये झाली. पिंक फ्लॉइडचे व्यवस्थापक पीटर जेनर आणि अ‍ॅन्ड्र्यू किंग यांनी बॅरेटची बाजू घेतली, कारण त्यांच्या हिशेबाने बँड म्हणजे तोच होता. उरलेल्या चौघांकडे काही आहे, असं त्यांना वाटलं नाही.

हा त्यांचा अंदाज त्या दिवशी चुकीचा म्हणता आला नसता. गिल्मोरचं सुरुवातीचं काम दुसऱ्याचा आवाज काढणं हेच होतं: बॅरेटच्या ओळी गायच्या, बॅरेटच्या पद्धतीने गिटार वाजवायची. ज्याच्याबरोबर आपण वाजवायला शिकलो, त्याच्याच जागी उभं राहून त्याची नक्कल करायची, याहून कठीण काम कोणत्या कलावंताच्या वाट्याला यावं?

दुसरा अल्बम, 'अ सॉसरफुल ऑफ सिक्रेट्स', १९६८च्या जूनच्या अखेरीस आला. त्यात सात रचना आहेत आणि त्यांचा हिशोबच सारी गोष्ट सांगतो. वॉटर्सच्या तीन, की-बोर्डवादक रिचर्ड राइटच्या दोन, चौघांची मिळून एक, आणि अगदी शेवटी बॅरेटचं एकच गाणं: 'जगबँड ब्लूज'. या गाण्यात त्याने सॅल्व्हेशन आर्मीचं वाद्यवृंद पथक बोलावलं होतं. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' या रचनेत बॅरेट आणि गिल्मोर दोघांचीही गिटार आहे; पाचही जण एकत्र वाजतात अशी पिंक फ्लॉइडची ही एकमेव रचना. त्यामुळे हा अल्बम ऐकताना एक संच मावळताना आणि दुसरा उगवताना एकाच चाळीस मिनिटांत सापडतो.

त्यांतली काही गाणी बॅरेटसारखं लिहिण्याचा प्रयत्न आहेत आणि ती लंगडी पडतात, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. पोरखेळकर कल्पना, विचित्र माणसांची चित्रं, मध्येच येणारा गोंगाट, हे सारं बॅरेटला सहज येत असे. इतरांच्या हातात ते उसनं वाटतं. जिथे त्यांनी त्याच्यासारखं होण्याचा प्रयत्न सोडला, तिथे एकदम दुसरंच दार उघडलं. अल्बमला जिचं नाव मिळालं ती रचना जवळपास बारा मिनिटांची आहे आणि तिच्यात शब्द नाहीत. वॉटर्स आणि ड्रमवादक निक मेसन हे दोघे वास्तुकलेचे विद्यार्थी होते. त्यांनी ती रचना स्वरलिपीत न लिहिता कागदावर चढउताराची चित्रं काढून आखली: इथे गोंधळ वाढतो, इथे सगळं कोसळतं, इथून शांतपणा सुरू होतो. निर्माता नॉर्मन स्मिथ याला ते फारसं पटलेलं नव्हतं. बीटल्सच्या सुरुवातीच्या अल्बमांवर ध्वनी अभियंता म्हणून काम केलेला हा माणूस तीन मिनिटांच्या गाण्यांचा होता. पण पिंक फ्लॉइडच्या पुढच्या दहा वर्षांच्या लांब रचना या बारा मिनिटांतूनच निघाल्या आहेत. त्यांच्यातला सगळ्यांत चांगला गीतकार गेला होता, म्हणून त्यांना गीताशिवायचा मार्ग शोधावा लागला. बॅरेट राहिला असता तर ती गरज पडली नसती.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. बॅरेटचे स्वतंत्र अल्बम १९७०मध्ये आले, ते पूर्ण करून देणाऱ्यांत गिल्मोर होता. ज्याची जागा घेतली त्याच्याच गाण्यांसाठी तो स्टुडिओत बसला, सूर जुळवत, अर्धवट ओळींना आधार देत. हा संच-बदल कडवट होता, तरी त्यात इतका ओलावा शिल्लक होता.

आता आपल्या राज्यात येऊ. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन हा बँड उभा राहिला. त्या काळात भारतात रॉक वाजवणं म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणं. श्रोत्यांनाही तेच हवं असे. एखाद्या बँडने मध्येच स्वतःचं गाणं सुरू केलं तर सभागृहातून आरडाओरड व्हायची. आयात शुल्कामुळे चांगली गिटार आणि ॲम्प्लिफायर हाती लागणं मुश्कील होतं. एकच ॲम्प्लिफायर अनेकांत फिरे. मुंबईत धोबी तलावाजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह या मंडळींचं पंढरपूर होतं; १९८०च्या मार्चमध्ये इंग्लंडचा 'द पोलिस' हा बँड तिथे वाजवून गेला होता आणि १९८६पासून सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव अनेक वर्षं तिथेच भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद झाले.

रॉक मशीनच्या स्थापनेच्या वेळचा संच आणि पहिल्या अल्बमचा संच एक नव्हता. गिटारवादक महेश तिनईकर आणि बेसवादक मार्क सेल्विन सुरुवातीपासूनचे. गायकाची जागा उदय बेनेगलकडे आली, गिटारवर तिनईकरच्या जोडीला जयेश गांधी आला, की-बोर्डवर झुबीन बालापोरिया. या बँडने एक धाडस केलं: स्वतःची गाणी लिहिली आणि तीच वाजवायची असं ठरवलं. १९८८मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला. १९९०मध्ये दुसरा, 'द सेकंड कमिंग'. भारतीय बँडने इंग्रजीतून स्वतःच्या रॉक गाण्यांचे लागोपाठ दोन अल्बम काढावेत, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. कॅसेटच्या दुकानात हिंदी चित्रपटांच्या, भक्तिगीतांच्या आणि गझलांच्या रांगेत या कॅसेटला जागा मिळवायची होती.

मग १९९३मध्ये त्यांनी चमत्कारिक वाटावा असा निर्णय घेतला. चांगलं चाललेलं, देशभरच्या कॉलेजांत ओळखीचं झालेलं नाव सोडून दिलं आणि बँडला इंडस क्रीड हे नाव दिलं. नव्या नावामागे विचार होता. ते अमेरिकी हार्ड रॉकच्या सावलीतून बाहेर येऊ पाहत होते. भारतीय वाद्यांचे आणि लयींचे रंग त्यांच्या गाण्यांत येऊ लागले होते. १९९१मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या होत्या, एमटीव्ही आशिया घराघरात दिसत होतं, आणि 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५मध्ये नव्या नावाचा पहिला अल्बम आला, त्याचंही नाव 'इंडस क्रीड'. या वेळी बँडमध्ये सहा जण होते: बेनेगल, तिनईकर, गांधी, बालापोरिया, सेल्विन आणि ड्रमवर बॉबी दुग्गल.

दोनच वर्षांनी, १९९७मध्ये, बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड केला. देशात चित्रपट संगीताबाहेरच्या पॉपची लाट होती, पण इंग्रजी रॉकच्या वाट्याला आधीपासून किनाराच आलेला होता.

मराठी वाचकाला हे सारं दूरचं वाटत आलं आहे, याची मला मनापासून खंत वाटते. गाणी इंग्रजीत, श्रोते बहुतांशी शहरी. म्हणून मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी या बँडची दखल क्वचितच घेतली. पण मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिताना गिरगावातलं नाट्यसंगीत, लालबाग-परळची शाहिरी, गोव्याहून आलेल्या वादकांनी चित्रपट स्टुडिओंत उभं केलेलं ऑर्केस्ट्राचं काम हे सारं घ्यायचं आणि धोबी तलावाचं रंगभवन वगळायचं, हे बरोबर नाही. तेही याच शहराचं अपत्य आहे.

२०१०मध्ये इंडस क्रीड पुन्हा जमला. बेनेगलचा आवाज, तिनईकरची गिटार आणि बालापोरियाचा की-बोर्ड हे तिघे परतले. बेसवर आला रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी. हे दोघे एक पिढी धाकटे, मुंबईच्या नव्या बँडांमधून तयार झालेले. सहाचे पाच झाले. २०१२मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. इंडस क्रीड या नावाचा हा दुसरा अल्बम, पहिल्यानंतर सतरा वर्षांनी. म्हणजे माणसांच्या या एकाच घोळक्याच्या वाट्याला दुसरा अल्बम दोनदा आला: एकदा १९९०मध्ये, तरुणपणी, घाईत, आणि एकदा २०१२मध्ये, अर्धं आयुष्य मध्ये घालून, बदललेल्या संचाबरोबर.

'इव्हॉल्व्ह'बद्दल बोलताना लोक सहज म्हणतात की मूळचे तिघे आहेत, म्हणजे बँड तोच आहे. गायक तोच, गिटार तीच. माझं म्हणणं वेगळं आहे. श्रोत्याचं लक्ष नेहमी वरच्या थरावर असतं: शब्द, आवाज, गिटारचे लांब सूर. पण रॉक बँड उभा असतो तो ड्रम आणि बेस यांच्यावर. ड्रमवादकाच्या पायाखालचा मोठा ढोल आणि बेस गिटारचा खोल सूर हे एकाच क्षणी पडतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यात डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी वेळाचं अंतर असतं. बेस किंचित आधी आला तर गाणं पुढे ओढलं जातं, किंचित मागे राहिला तर ते सैलावून झुलू लागतं. हे अंतर कोणी लिहून देत नाही. दोन माणसांच्या अंगात ते असतं आणि वर्षानुवर्षं बरोबर वाजवून मुरतं. म्हणून बेस आणि ड्रम ही जोडीच बदलली की वरचे तिघे तेच असले तरी त्यांच्या पायाखालची जमीन बदलते. गायकाला श्वास कुठे घ्यायचा हे नव्याने ठरवावं लागतं. गिटारवादकाला आपला सूर कशावर टेकवायचा ते पुन्हा शोधावं लागतं.

'इव्हॉल्व्ह'मध्ये हे जाणवतं. जुन्या अल्बमांवर १९८०च्या दशकातल्या हार्ड रॉकची चमक होती, मोठमोठे कोरस होते, सभागृह भरून टाकण्याची घाई होती. या अल्बममध्ये फक्त आठ गाणी आहेत आणि ती पसरायला वेळ घेतात. राव कवीचा ताल सरळसोट चालत नाही. तो मध्ये जागा सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत मिस्त्रीचा बेस स्वतःची चाल बांधतो. बेनेगलचा आवाज त्यामुळे खाली उतरला आहे. तो ओरडत नाही, कारण त्याला ढोलाच्या वर जाऊन ओरडण्याची गरजच पडत नाही. दुसरी गिटार नाहीशी झाल्यामुळे जी पोकळी राहिली असती, ती तिनईकरने दुप्पट वाजवून भरलेली नाही. बऱ्याच ठिकाणी ती बालापोरियाच्या की-बोर्डकडे सोपवली आहे आणि काही ठिकाणी तशीच मोकळी ठेवली आहे.

मोकळी ठेवण्याचा हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. संच बदलल्यावर उरलेल्यांची पहिली धडपड असते ती भोक बुजवण्याची. गेलेल्याचा तुकडा नव्याने वाजवायचा, त्याच्या आवाजासारखा आवाज शोधायचा, लोकांना फरक कळू द्यायचा नाही. १९६८मध्ये पिंक फ्लॉइडने सुरुवातीला तेच केलं आणि त्यांची तीच गाणी आज सगळ्यांत जुनाट वाटतात. इंडस क्रीडला एक सोय होती: सतरा वर्षांत जुना आवाज लोकांच्याही कानातून पुसट झाला होता. १९९५च्या अल्बमसारखाच दुसरा हवा, असं सांगणारी कंपनी दारात उभी नव्हती. त्यांनी स्वतःच्या गतीने काम केलं आणि ध्वनिमिश्रणासाठी गाणी अमेरिकेत टिम पामरकडे पाठवली. पामरचं नाव रॉकच्या जगात मोठं आहे. पर्ल जॅमच्या १९९१च्या 'टेन' या गाजलेल्या पहिल्या अल्बमचं मिश्रण त्याने केलं होतं. अशा बाहेरच्या माणसाच्या हाती ही गाणी गेली, याचाही फायदा झाला असणार. जुन्या आवाजाशी इमान राखण्याचं ओझं त्याच्यावर नव्हतं. समोरच्या पाच जणांनी काय वाजवलंय तेवढंच त्याने ऐकायचं होतं.

अल्बमला श्रोते मर्यादित मिळाले. भारतात इंग्रजी रॉक ऐकणारे २०१२मध्येही थोडेच होते. तोवर कॅसेट संपली होती, सीडी संपत आली होती, आणि तरुण बँड आपली गाणी थेट संगणकावरून लोकांपर्यंत पोचवत होते. त्या गर्दीत पन्नाशीकडे झुकलेल्या तिघांनी आणि त्यांच्याहून धाकट्या दोघांनी मिळून नवी गाणी आणावीत, जुन्या गाण्यांवर कार्यक्रम काढून भागवू नये, याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. पुन्हा जमलेले बहुतेक बँड आपलीच जुनी गाणी वाजवतात. प्रेक्षकांना तेच हवं असतं आणि त्यात धोका नसतो.

ज्यांना हा फरक स्वतःच्या कानाने तपासायचा असेल त्यांनी आधी १९९५चा 'इंडस क्रीड' ऐकावा आणि लगेच 'इव्हॉल्व्ह' लावावा. सुरुवात 'फायरफ्लाइज'पासून करावी. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा इअरफोन लागतीलच. पहिल्या वेळी लक्ष बेनेगलच्या आवाजाकडे जाणार, ते जाऊ द्यावं. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र गायकाला सोडून द्यावं, गिटारलाही सोडून द्यावं, आणि खाली मिस्त्री आणि राव कवी एकमेकांना कुठे गाठतात आणि कुठे मुद्दाम चुकवतात, त्यांच्या मागे जावं. दोन-तीनदा ऐकलं की तिनईकरची गिटार कुठे थांबते आणि का थांबते, तेही आपोआप उमगू लागतं.